शेवटची रिकामी खेप

तळेऱ्याच्या नाक्यावर उभं राहून कोणी नुसतं "गाडी कुठली पकडू?" असं विचारलं, तर आमच्याकडचा माणूस उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "खंय जातलास?" कारण इथून देवगडला फाटा फुटतो, विजयदुर्गाला फुटतो, आणि हमरस्ता आहेच. चुकीच्या गाडीत बसलं, तर कितीही चांगली खिडकी मिळाली तरी माणूस चुकीच्याच गावात उतरतो. एसटीच्या बाबतीत ही अक्कल लहान पोरालाही असते. ॲनिमेशनच्या बाबतीत मात्र चांगली शिकलीसवरलेली माणसं मला फोन करतात आणि म्हणतात, "मॅडम, शिकायचंय. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?"

मी ह्याच नाक्याजवळ, औषधांच्या दुकानावरच्या माडीत, ॲनिमेशनचा एक लहानसा क्लास चालवते. त्याआधीची माझी उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये कार्टून हलवण्यात गेली. निवृत्त झाले म्हणजे काय, तर तिथली भाड्याची खोली सोडून माहेरच्या गावाजवळ आले आणि तिथे जे करत होते ते इथे शिकवायला लागले. लग्न केलं नाही, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं आणि अडवायलाही.

तर फोनवरच्या त्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर असतं: "तुला हलवायचं काय आहे?" निम्म्या लोकांचा आवाज तिथेच बसतो. सॉफ्टवेअर घ्यायचं हे त्यांचं पक्कं झालेलं असतं. त्यानं काय करायचं, हा विचार मागाहून करायचा असतो.

एक बागायतदार आले होते. त्यांना जाहिरातीसाठी नाचणारा हापूस हवा होता. "भारीतलं भारी सॉफ्टवेअर सांगा, पैशाचं बघू नका," म्हणाले. मी म्हटलं, आंबा गोल, त्याला दोन पाय आणि टोपी. वहीच्या कोपऱ्यात काढलात तरी नाचेल. ते कसले ऐकतात! जे घेतलं, त्यात अख्खी लढाई उभी करता आली असती. त्या ओझ्यानं संगणक असा तापायचा की त्यावर आंबे पिकले असते. शेवटी जो आंबा तयार झाला, तो पाहून त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "बटाट्याचो धंदो कधी सुरू केल्यात?" पुढच्या हंगामात त्यांनी साध्या चित्राची पेटी छापली.

दुसरा एक कणकवलीचा इंजिनिअर. त्यानं सगळ्या सॉफ्टवेअरांची तुलना केली होती. कुठल्यात काय आहे, कुठल्यात काय नाही, कुठलं फुकट, कुठल्याला महिन्याची वर्गणी, सगळं तोंडपाठ. त्याच्याशी बोलून मी स्वतः पुष्कळ शिकले. वर्षभरानं बाजारात भेटला तेव्हा विचारलं, "काय काढलंस?" तर म्हणाला, "अजून ठरत नाहीये, मॅडम." मुलगी बघायचा कार्यक्रमही त्याचा असाच चालला होता, असं मागाहून कळलं.

नवख्या माणसाला कळावं म्हणून सांगते, ह्यात फार गूढ काही नाही. ढोबळमानानं सॉफ्टवेअरच्या तीन जाती. एकीत तुम्ही बाहुलं एकदाच बनवता, त्याला आतून हाडं घालता आणि मग हात-पाय ओढून त्याला हलवता. दुसरीत मातीच्या गोळ्यासारखं सगळ्या बाजूंनी फिरणारं चित्र घडवता. तिसरीत कोरं पान असतं. प्रत्येक चित्र हातानं काढायचं, सेकंदाला चोवीस, काटकसर केली तर बारा. आता चौथी जात आली आहे, तिच्यात नुसतं सांगायचं आणि यंत्र काढून देतं. नावं मी घेत नाही, कारण हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत निम्मी नावं बदललेली असतील.

माझं स्वतःचं काम तिसऱ्या जातीतलं, आणि त्यातही मधलं. आमच्याकडे मोठे चित्रकार मुख्य चित्रं काढत. माकड झाडावर आहे, हे एक. माकड जमिनीवर आहे, हे दुसरं. ह्या दोन चित्रांच्या मध्ये माकड कुठे कुठे होतं, ती सगळी चित्रं माझ्यासारख्या मुली काढत. काचेचं टेबल, काचेखाली दिवा. मागचा कागद खाली, नवा कागद वर, आणि बोटांच्या बेचक्यात तीनचार पानं धरून फडफड उलटत राहायचं, माकड नीट पडतंय का बघायला. माझ्या हाताखालून किती माकडं, ससे आणि राजपुत्र गेले असतील, देव जाणे. चित्रपटाच्या शेवटी आमची नावं यायची, पण ती इतक्या भरधाव वर जायची की आईला कधी वाचता आली नाहीत.

पुढे एक दिवस मधली चित्रं आपोआप भरणारा संगणक आला. आमचे मुख्य चित्रकार सामंत सर म्हणाले, "उषा, तुझं काम आता बटण करणार." हसत म्हणाले, आणि मग पान खायला म्हणून गेले ते दुपार सरेपर्यंत आले नाहीत. मी संगणकही शिकले. पोट होतं, शिकावं लागलं, आणि सांगायला हरकत नाही, चांगली शिकले. पण ते काचेचं टेबल मला अजून हवं आहे. पावसाळ्यात हात गार पडले की आम्ही मुली त्या काचेवर तळवे टेकून बसायचो. पेन्सिलीच्या भुश्शाचा वास यायचा, आणि सगळ्या टेबलांवरून पानांची ती फडफड, उडायची तयारी करणाऱ्या कबुतरांसारखी. इथे माडीत संध्याकाळी मुलं घरी गेली की ती फडफड आठवते, आणि मग काही सुचत नाही.

शेवंताकाकी आली ती एका दुपारी. वय माझ्याहून थोडंसंच जास्त, पण सगळा गाव काकी म्हणतो म्हणून मीही म्हणू लागले. मिठबावकडच्या एका खाडीकाठी तिचं घर. देवगडला गाडी बदलून आली होती. दारात चपला काढल्या, आत भिंतीवरच्या चित्रांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, "कार्टुना हलवणारी ती तूच मा गो?"

"मीच. बसा. काय शिकूचा आसा?"

"शिकूचा काय नाय. माका एक माणूस येताना बघूचो आसा."

"कोण माणूस?"

"आमचे," ती म्हणाली.

मग तिनं पिशवीतून फोन काढला. पुतणीनं तिला एक क्लिप करून दिली होती. आधार कार्डावरचा नवऱ्याचा फोटो कुठल्याशा ॲपमध्ये घालून हलता केलेला. फोटोतला माणूस डोळे मिचकावत होता, मान वाकडी करत होता, आणि दात दाखवून हसत होता. पुतणीनं चांगल्या मनानं केलं होतं. घरातल्या सगळ्यांनी डोळे पुसले म्हणे. काकी मात्र दोन दिवस जेवली नाही.

"हे असे कधी हसले नाय," ती म्हणाली. "ह्यो कोण तरी दुसरोच, आमच्यांचा तोंड लावन बसलो आसा. फोटो हललो गो. माणूस नाय हललो."

तिचा नवरा तर चालवायचा. तर म्हणजे खाडी ओलांडून देणारी होडी. पलीकडच्या काठावर उभं राहून माणसं हाक मारायची, आणि हा लांब बांबू रेटत जाऊन त्यांना घेऊन यायचा. शाळेची मुलं, माशांच्या पाट्या, नवरानवरी, सगळं त्या एका होडीतून. मग पूल झाला. पूल व्हावा म्हणून गावानं मागणी केली होती, आणि त्या अर्जावर ह्याचाही अंगठा होता. पुलानंतर होडीला कामच उरलं नाही. नुसतं बसून राहणं त्याला जमेना, म्हणून तो वेंगुर्ल्याला एका मोठ्या मासेमारी बोटीवर खलाशी म्हणून गेला. तिथेच आजारी पडला, आणि तिथेच गेला.

"हाडले ते गाडयेतसून," त्याला घरी कसं आणलं ते काकी सांगू लागली. "पुलावरसून. सगळो जन्म पाण्यावरसून घराक इले, आणि शेवटचे इले ते पुलावरसून. माका ता पटाक नाय गो अजून." मग म्हणाली, "होडी घेवन येयत, तसे एकदा येताना बघूचे आसत. मगे झाला."

माझा ठरलेला प्रश्न मला विचारावाच लागला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक माणूस असा आला होता, ज्याला काय हलवायचं हे ठाऊक होतं.

तिला चित्र येतं का, असं विचारलं. गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे जिथे गावाचे गणपती होतात तिथे, ती दर वर्षी रंगाला बसते. लोक आपापला पाट आणून देतात, त्या पाटावर त्यांचा गणपती होतो, आणि ह्या बायका पीतांबराचे काठ, दागिने, उंदराच्या मिशा रंगवतात. हात स्थिर होता तर. मी म्हटलं, जमेल.

आता सॉफ्टवेअर. वयाच्या मानानं तिला सोपं पडावं म्हणून मी हाडं घातलेल्या बाहुल्यांची जात निवडली. एक होडी, एक माणूस, हातात बांबू. कोपर, खांदा, कंबर इथे सांधे. काकीनं बाहुलं सुंदर रंगवलं, टॉवेलाच्या काठासकट. मग आम्ही त्याला हलवलं. हात वर, हात खाली. काकी बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो पीठ मळता काय गो?"

मग म्हटलं, मधली चित्रं आपोआप भरणारं घेऊ. दोनच चित्रं काढ: होडी पलीकडे, होडी अलीकडे. मधलं यंत्र भरेल. ज्या यंत्रानं माझी भाकरी खाल्ली, तेच मी तिला सुचवत होते. बघा माणूस किती सुधारतो! यंत्रानं मधलं भरलं. होडी त्या काठावरून ह्या काठाला लोण्यावरून सुरी फिरावी तशी आली. काकीनं मानच हलवली.

"ह्यो एसटीत बसान इल्यासारखो येता. ह्येका काय कष्टच नाय पडणत. बांबू चिखलात रुततलो, तो वर काढतले, तवा होडी वायच थांबतली. मगे फुडे येतली. ता थांबना खंय गेला?"

हिला यंत्र नको होतं. हिला ती मधली चित्रं हवी होती, एकेक, हातानं काढलेली. मला आनंद झाला हे कबूल करते, आणि त्या आनंदात थोडा सूडही होता. संगणकावरचं सगळ्यात साधं, फुकटातलं सॉफ्टवेअर मी उघडलं. त्यात दुसरं काहीच नाही, फक्त कोरं पान. पण मागचं चित्र नव्या पानावर फिकट दिसतं, म्हणजे पुढचं कुठे काढायचं ते कळतं. आमच्या काचेखालच्या दिव्याचंच हे रूप. काकीच्या हातात संगणकाला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या पाटीवरचं पेन दिलं, तर आधी ती भांबावली. "हात हयसर आणि बघूचा थंयसर? ह्या कसला?" पण थोड्या वेळानं फिकट रेषेवर बोट ठेवून म्हणाली, "ह्या बरा आसा. मागचा पुसाक नाय, दिसता."

मी उठून गॅलरीत गेले आणि तोंड धुऊन आले.

त्यानंतर ती जमेल तेव्हा येत राहिली. येताना कधी कोकमं, कधी फणसाची सांदणं. फी घ्यायचा प्रश्नच आला नाही, तो सांदणांनी सोडवला. आमचं पहिलं भांडण झालं ते होडी कुठून यावी ह्यावर. मी म्हटलं, बाजूनं दाखवू. डावीकडून उजवीकडे होडी नेणं सोपं. समोरून आपल्या अंगावर येणारी वस्तू काढणं हे आमच्या धंद्यातलं अवघड काम. ती सरकत नाही, नुसती मोठी होते. सुरुवातीला किती वेळ ठिपकाच असते, वाढते आहे हेसुद्धा कळत नाही, आणि जवळ आल्यावर मात्र एकदम अंगावर येते. भलेभले चुकतात. सामंत सरसुद्धा असं चित्र आलं की दोन चहा पिऊन बसायचे.

"बाजूक मी खंय उभी रवान?" काकी म्हणाली. "मी आमच्या काठार उभी आसतंय. होडी माझ्याकडे येता."

ते खरंच होतं. समोरूनच काढायची ठरली.

दुसरं भांडण ठिपक्यावरून. ठिपका ती संपूच देईना. चित्रांमागून चित्रं, पाण्यावर नुसता ठिपका, त्यावर बांबूची एक बारीक रेघ वर होते, खाली होते. मी म्हटलं, "काकी, इतको वेळ ठिपको दाखवलो तर बघणारी माणसा कंटाळतली."

"बघूक मी एकटीच आसंय," ती म्हणाली.

आयुष्यभर आम्ही प्रेक्षक कंटाळेल ह्या भीतीनं चित्रं कापली. माकड किती वेळ विचार करतं, राणी किती वेळ खिडकीत उभी राहते, सगळं कापायचं. इथे एक बाई म्हणत होती की तिला कंटाळा येणार नाही. खुर्चीत मागे टेकून मी ते ठिपके बघत राहिले, आणि तिला त्यात काय दिसतंय ते हळूहळू मलाही दिसायला लागलं. त्या रेघेच्या वर-खाली होण्यावरून ती तेव्हा काठावरून ओळखायची, आज हे दमलेत, आज पाणी उलटं आहे, आज कोणाशी तरी भांडून आलेत. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. माझी वाट कोणी बघत नव्हतं हे मला ठाऊक होतं, त्याचं काही नाही. पण मी कोणाची वाट बघितली नाही, हे मला त्या माडीत बसून पहिल्यांदा लागलं.

होडीत आणखी कोणाला बसवायचं, असं मी विचारलं. माणसं, पाट्या, सायकली. काकी म्हणाली, "कोण नाय. सांजची शेवटची खेप. पलीकडच्या माणसांका सोडून येतानाची. रिकामी." आणि मग पेन फिरवत, माझ्याकडे न बघता, "बाकीच्यो सगळ्यो खेपो गावाच्यो. ती तेवढी माझी."

असा तो ठिपका मोठा होऊ लागला. होडीचं टोक दिसू लागलं, खांदे दिसू लागले, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल दिसू लागला. होडी खाडीच्या मध्यावरून अलीकडे आली, आणि काकी यायची बंद झाली.

आधी वाटलं, गणपतीच्या शाळेचं काम असेल. दिवस ते होतेच. पण चतुर्थी झाली, विसर्जन झालं, तरी काकी नाही. फोन केला तर पुतणी म्हणाली, "काकी बरी आसा, पण येणा नाय म्हणता." होडी माझ्या संगणकात खाडीच्या अलीकडच्या अंगाला तशीच थांबलेली. इतर मुलांना शिकवताना मी ती फाईल उघडायचे आणि बंद करायचे. माझ्या हाताला ती पुरी करता आली असती. अशी मधली चित्रं मी झोपेतही काढीन. पेनपर्यंत हात गेला, हेही सांगते. पण मी कोणाला आणणार होते? मला तो माणूस माहीतच नव्हता. मी आणला असता तो एखादा कार्टूनमधला होडीवाला.

शेवटी मीच गाडी पकडून गेले. काकी खळ्यात, म्हणजे अंगणात, सुपारी कातरत बसली होती. खाडी तिथून दिसते आणि पूलही दिसतो, अगदी समोर, वाहनं जाताना त्यांच्या काचा चमकतात. तिनं मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि मी विचारायच्या आतच म्हणाली, "तोंड येणा नाय गो."

होडी जवळ येत होती, म्हणजे चेहरा मोठा होत होता. ठिपक्याला तोंड नसलं तरी चालतं. पण आता नाक, डोळे, मिशी, सगळं काढायची वेळ आली होती, आणि तिला तो चेहरा आठवत नव्हता. "डोळे मिटल्यार हात दिसतत, पाठ दिसता, चलतले कसे ता दिसता. तोंड दिसणा नाय. इतकी वर्सा एका घरात काढलंय, आणि तोंड दिसणा नाय. माका कोणी तरी मारल्यासारख्या झाला."

"आधार कार्डार आसा ना," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

"ता नको," ती म्हणाली.

मला सांगता आलं असतं की रोज बघितलेला चेहराच आधी पुसट होतो. मलाही आईचा चेहरा आठवत नाही, तिचा खोकला आठवतो. पण त्यानं होडी पुढे सरकणार नव्हती. मग मी तेच विचारलं जे मुख्य चित्रकाराला विचारायची सवय होती. "बरा, तोंड रवांदे. होडी काठाक लागताना हे नेमक्या काय करीत? पयला काय, मगे काय?"

तिच्या हातातल्या अडकित्त्याची चाळवाचाळव थांबली. ती उठली. खळ्याच्या कडेला गेली आणि करून दाखवायला लागली. बांबू आडवा ठेवायचा. वाकायचं, मान खाली, दोरी उचलायची. मग गुडघाभर पाण्यात उडी. मग वळायचं, होडीचं टोक दोन्ही हातांनी धरायचं, आणि मागे मागे येत होडी काठावर ओढायची. काकी तशीच वाकून, पाठमोरी, मागे मागे माझ्याकडे येत होती. येता येता मध्येच थांबली आणि वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली, "अगो, पाठच दिसता! होडी वडताना पाठच आसता माझ्याकडे. तोंड मी तेव्हाय बघूक नाय होतंय!"

आणि तिथेच खळ्यात खाली बसून ती रडली. मी तिच्याजवळ बसले.

पुढच्या खेपांना तिनं बाकीचं सगळं काढलं. ठिपक्याची ती होडी आता मोठी झाली होती. चेहरा नीट दिसावा इतकी जवळ येण्याआधीच माणूस दोरीसाठी वाकला, डोक्यावरचा टॉवेल तेवढा दिसला. उडी मारताना पाणी उडालं. ते पाणी माझं आहे, उडणारं पाणी मला चांगलं येतं म्हणून तिनं काढू दिलं. मग पाठ. रुंद, किंचित डावीकडे झुकलेली पाठ, मागे मागे येणारी. एक पाऊल मागे, थोडं थांबणं, दुसरं पाऊल. शेवटच्या चित्रात होडीचं टोक रेतीवर आहे आणि माणूस पाठमोरा उभा आहे, हात अजून होडीवर.

सगळी चित्रं जोडून मी चालवायचं बटण दाबलं. काकी खुर्ची पुढे ओढून बसली. ठिपका आला. रेघ वर झाली, खाली झाली. खाडी ओलांडायला त्या माणसाला लागायचा तेवढा वेळ लागू दिला होता आम्ही, निदान मला तसं वाटलं. तो वाकला, उडी मारली, होडी ओढली, उभा राहिला.

आणि लगेच पुन्हा पलीकडच्या काठाला ठिपका झाला.

हे सॉफ्टवेअर मुळातच असं असतं. चित्रं संपली की ते आपणहून पहिल्या चित्राकडे जातं आणि सगळं पुन्हा सुरू होतं. काम तपासायला ते बरं पडतं. माझ्या डोळ्यांना त्याची इतकी सवय की मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. काकी मात्र खुर्चीवरून उठली होती.

"अगो, एकदा इले मा?" तिचा आवाज चिरकला. "मगे परत कित्या धाडतंस तेंका?"

मी घाईघाईनं ते बंद केलं. एक लहानसं चिन्ह असतं, गोल फिरणाऱ्या बाणाचं. त्यावर टिचकी मारली की झालं. म्हटलं, "आता नाय जावचे. बघा." पुन्हा बटण दाबलं.

ठिपका आला. काकी उभीच होती, पदर तोंडाशी धरून. खाडीचं पाणी, बांबूची रेघ, रिकामी होडी. तो वाकला. पाणी उडालं. पाठ मागे मागे आली, होडी रेतीवर चढली, आणि चित्रं संपली. ह्या वेळी तो कुठे गेला नाही. पडद्यावर तसाच उभा राहिला, काठावर, आमच्याकडे पाठ करून.

काकी पुढे झाली. पदर तोंडावरून खाली आला. रोज सांजचं म्हणावं तशा, जराशा चढ्या, घाईच्या आवाजात ती म्हणाली, "इलात? पाय धुवा. च्या ठेवतंय."